परदेशी पाहुणीची साडी आणि महाडचे लुगडे

परदेशातून आलेली एखादी बाई मुद्दाम पैठणी विणून घेते, ब्लाउज शिवून घेते, कपाळाला टिकली लावते आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहते. दुसऱ्या दिवशी मनुवादी प्रसारमाध्यमांना नुसते भरते येते. भारतीय संस्कृतीची गोऱ्यांनाही भुरळ पडली म्हणून मथळे झळकतात. त्या बाईवर आमचा राग नाही. तिला वस्त्र आवडले, तिने पैसे मोजले, कारागिराच्या हाताला काम मिळाले. आमच्या खोपटमध्येही फॉल-पिको करून घराला हातभार लावणाऱ्या भगिनी आहेत. साडीची हौस वाढली तर त्यांच्याही पदरात चार पैसे पडतील. आमचा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. साडी ही जर सगळ्या देशाची संस्कृती, तर आमच्या आया-आज्यांना ती घोट्यापर्यंत का नेसू दिली नाही?

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्याबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो. गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे, गळ्यात गळसऱ्यांचा भार, हातात कोपरापर्यंत कथलाचे नाही तर चांदीचे दागिने, असा त्या वेळी आमच्या बायांचा वेश होता. हा वेश म्हणजे तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष आहे, ती साक्ष पुसून टाका, असे बाबासाहेबांनी त्यांना बजावले. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे आणि स्पृश्य स्त्रियांसारखे नेसलेले असावे, एवढे त्यांचे सांगणे होते. बायांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी पुढे होऊन त्यांना नवी नेसण शिकवली. सवर्ण घरातल्या त्या दोघींचा हा उपकार आपण विसरता कामा नये.

आमच्यातले काही विद्वान विचारतात की हे सवर्णांचे अनुकरण नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. समोरून येणाऱ्या बाईची जात तिला न विचारता लुगड्यावरून कळावी, अशी गावगाड्याची व्यवस्था होती. ती खूणच नाहीशी करणे याला अनुकरण कसे म्हणावे?

आता याच काळातली एक परदेशी बाई पाहा. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीला गांधीजींकडे आली, मीराबेन झाली आणि पांढरी खादीची साडी नेसू लागली. पुढे १९३६ साली ती वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी ती गांधीजींबरोबर साडीतच लंडनला होती. बाबासाहेब त्याच परिषदेत सुटाबुटात बसले होते. ॲडमिरलच्या मुलीने साडी नेसली तर तो त्याग आणि अस्पृश्य सुभेदाराच्या मुलाने कोट घातला तर ते साहेबी खूळ! कोणी कोणता कपडा टाकावा आणि कोणता घ्यावा, हेही जन्मानेच ठरायचे काय?

आज पैठणीसाठी परदेशी पाहुण्यांना येवल्याला नेतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागावरची खरी पैठणी विणायला नक्षीप्रमाणे महिनोन्‌महिने लागतात, पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, आणि किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. तिच्यावरच्या एका नक्षीला अजिंठ्याचे कमळ म्हणतात. बौद्ध लेण्यांतले हे कमळ पदरावर मिरवायला कोणाला विटाळ होत नाही, ही गंमतच! पण हेच येवले १३ ऑक्टोबर १९३५ चे. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची घोषणा याच गावात झाली. माग दाखवायला नेणारे त्या पाहुणीला मुक्तिभूमीही दाखवतात काय?

दाखवली, तर तिला आणखी एका साडीची गोष्ट सांगता येईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला माईसाहेब पांढऱ्या साडीत होत्या. दीक्षेला आलेल्या लाखोंच्या समुदायातल्या बायाही पांढरे नेसून आल्या होत्या. सवाष्णीने पांढरे नेसू नये, असा रूढीचा दंडक. कपाळाला कुंकू असलेल्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बायांनी तो त्या दिवशी उघड मोडला. सासू-सुनेने एकत्र मोडला. घरात कुणाचे वाईट होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मनात घातलेली असताना मोडला. अपशकुनाचा तो रंग दीक्षेचा झाला.

आमच्या खोपटच्या भगिनी ६ डिसेंबरला पहाटे अशाच पांढऱ्या साडीत ठाणे स्टेशनवर दादरची गाडी पकडतात. ती साडी कोणी विणून दिलेली नसते, बाजारातून घेतलेली साधी सुती नाही तर सिंथेटिक असते. वर्षातून तीन-चारदा नेसायची, हाताने धुवायची, निळीत बुडवायची आणि इस्त्री करून पुन्हा ट्रंकेत ठेवायची.