वंगण-पूर्वभरण
वंगण-पूर्वभरण : पुन्हा जोडलेले ट्रकचे एंजिन प्रथम चालू करण्यापूर्वी त्याच्या वंगणमार्गांत दाबाने तेल भरण्याची क्रिया. चालू एंजिनात भुजादंड, म्हणजेच क्रँकशाफ्ट, धारव्यांतील (बेअरिंगांतील) तेलाच्या पटलावर फिरतो. तेथील मोकळीक सुमारे ०·१ मिमी. किंवा त्याहूनही कमी असते. नव्याने जोडलेल्या एंजिनात पंप, गाळणी व वंगणमार्ग रिकामे असतात. खालच्या चेंबरात तेल पुरेसे असले, तरी कोरडा पंप ते लगेच ओढीलच असे नाही. तेवढ्या अवधीत धारव्यांचा मऊ धातू खरवडला जातो. जोडणीच्या वेळी चोपडलेले तेलही कालांतराने ओघळून जाते. नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात मांजरा नदीची वाळू वाहणाऱ्या ट्रकाचे एंजिन जोडून, पावसाळ्यात वाळूउपसा बंद म्हणून तसेच उभे राहिले, तर ही क्रिया टाळता येत नाही.

मुख्य वंगणमार्गावरील दाबदर्शकाची जोडणी सोडवून तेथे हातपंप किंवा दाबटाकी लावतात. भुजादंड हाताने सावकाश फिरवीत, वर झडपांच्या रॉकरांपाशी तेल दिसेपर्यंत ते भरतात. टर्बोचार्जर असल्यास त्याच्या तेलवाटेत वेगळे तेल ओततात. केवळ गाळणी भरून काम उरकणे अपुरे होय. शिवाय गाळणीच्या शुद्ध बाजूस ओतलेल्या तेलातील कचरा थेट धारव्यांत जातो. नंतर इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडा थोडा वेळ एंजिन फिरवितात व दाबदर्शकाचा काटा हलल्यावरच इंधन सोडतात. चालू झाल्यावर १०–१५ सेकंदांत दाब न दिसल्यास एंजिन तत्काळ बंद करावे लागते.