सकाळचे २२.४३, संध्याकाळचे २२.४७

आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धा १९ सप्टेंबरला सुरू होतात. नाव नागोयाचं असलं तरी पोहण्याच्या शर्यती टोकियोत आहेत. त्यानिमित्तानं जुने आकडे पुन्हा वर निघतील आणि पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचा विषय आला की मराठी क्रीडापानांवर एक वाक्य हमखास येईल: वीरधवल खाडेचं पदक एक शतांश सेकंदानं हुकलं. मग नशिबाला बोल लावायचा आणि पान उलटायचं. मला हे पटत नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं ते नीट पाहिलं, तर नशिबाला फारसं काम उरत नाही.

२१ ऑगस्ट २०१८, जकार्ताची आशियाई स्पर्धा. चीनचा यू हेशिन २२.११ सेकंदांत पहिला, जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२० मध्ये दुसरा, जपानचाच शुनिची नाकाओ २२.४६ मध्ये तिसरा. कोल्हापूरचा वीरधवल २२.४७ मध्ये चौथा. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जे होतं, ते मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटलं. त्याच दिवशी सकाळी प्राथमिक फेरीत वीरधवलनं २२.४३ सेकंदांची वेळ दिली होती. तो राष्ट्रीय विक्रम होता. २००९ मधली स्वतःचीच २२.५२ ची वेळ त्यानं नऊ वर्षांनी मोडली होती. म्हणजे कांस्यपदकाला संध्याकाळी जी वेळ पुरली, त्यापेक्षा तीन शतांश वेगानं तो सकाळी पोहून मोकळा झाला होता. सकाळचंच पोहणं संध्याकाळी पुन्हा जमलं असतं, तर पदक गळ्यात होतं.

तेव्हा प्रश्न एक शतांशाचा नाही. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातल्या चार शतांशांचा आहे.

शतांश सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. ५० मीटर साडेबावीस सेकंदांत म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. एका शतांशात पोहणारा सरकतो सव्वादोन सेंटिमीटर, आणि शेवटी दमलेला असतो म्हणून त्याहून थोडं कमीच. बोटाचं एक पेर. एवढा फरक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून भिंतीला टचपॅड लावतात. ती पट्टी लाटेनं दबत नाही, हाताचा दाब लागतो. २००८ च्या बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराद चाविच भिंतीकडे तरंगत गेला, मायकेल फेल्प्सनं मात्र अर्धा हात जास्त मारून पट्टीवर थाप दिली. ५०.५८ आणि ५०.५९. तिथंही एकच शतांश.

सहस्रांशापर्यंत का मोजत नाहीत? एकदा मोजलं होतं. १९७२ च्या म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखी आली, तेव्हा यंत्राचा तिसरा आकडा वाचला गेला आणि दोन सहस्रांशांनी सुवर्ण लार्सनला मिळालं. पुढं लक्षात आलं की एका सहस्रांशात पोहणारा दोन मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या एका लेनची लांबी दुसरीपेक्षा त्याहून जास्त कमी-अधिक असू शकते. भिंत बांधताना थोडी तफावत होणारच, हे नियमातही गृहीत धरलेलं आहे. सहस्रांश मोजणं म्हणजे खेळाडूऐवजी गवंडी मोजणं. म्हणून आता शतांशावर थांबतात आणि सारखी वेळ आली तर पदक दोघांना देतात. याच ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २००० च्या सिडनीत अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर या दोघांनाही २१.९८ ला सुवर्ण मिळालं.

सुरुवातीचा आवाजही असाच. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिल्या लेनच्या बाजूला उभं राहून पिस्तूल झाडलं, तर आठव्या लेनपर्यंत आवाज पोहोचायला पाच शतांश लागतात. वीरधवलच्या पाच चौथ्या क्रमांकांना पुरतील एवढे! म्हणून हल्ली प्रत्येक ब्लॉकमागं वेगळा स्पीकर असतो. इतकी काळजी घेतल्यावर जो शतांश उरतो, तो खेळाडूचाच मानायला हवा.

आणि तो कुठंही सांडू शकतो. ब्लॉकवरून पाय सुटायला सहा ते सात दशांश सेकंद जातात. सूर मारल्यावर पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा असते. तिथला वेग पृष्ठभागावरच्या पोहण्यापेक्षा जास्त, पण वर यायची वेळ चुकली की तो वेग पाण्यातच मुरतो. पुढं तीस-पस्तीस हात. श्वास एकदा, किंवा नाहीच. तोंड बाजूला वळवलं की अंग तिरकं होतं, आणि पाणी त्याची किंमत लगेच वसूल करतं. शंभर मीटरमध्ये चूक सावरायला थोडा वाव असतो. इथं चूक कळेपर्यंत भिंत आलेली असते.

आमच्याकडे पुसेगावला (हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं; सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव वेगळं, ते साताऱ्याकडचं) पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, काठावर चुलता किंवा मोठा भाऊ. पंधरा दिवसांत डबा सुटतो, मग पायरीवरून मुटके सुरू. ही पोरं पाण्याला बिलकूल भीत नाहीत. पण विहिरीत पोहताना मान कायम वर असते, कारण वरून कोण उडी टाकतंय यावर नजर ठेवावी लागते. मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि माणूस पाण्यावरून सरकण्याऐवजी पाणी ढकलत बसतो. शिवाय विहीर गोल. चार हात मारले की समोर दगड. सरळ पन्नास मीटर पाणी पोरानं पाहायचं कुठं? येलदरी किंवा सिद्धेश्वर धरणावर गेलं तर पाणी आहे, पण तिथं ना भिंत, ना लेन, ना घड्याळ.

म्हणून तालुक्याला एक ऑलिंपिक तलाव बांधा, अशी मागणी मी करणार नाही. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, दोन मीटर खोल तलावाला पंचवीस लाख लिटर पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, ती पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी नेमकं एवढंच पाणी आणायची. मराठवाड्यातल्या ग्रामसभेत हा आकडा सांगून पाहा. गाळणी यंत्रणेमुळं तलावाचं पाणी रोज बदलावं लागत नाही, हे खरं. पण मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ते पटवायला जाणारा पुढारी मला तरी माहीत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नीट चालणारा एक २५ मीटरचा तलाव, त्याला बरे ब्लॉक आणि वर्षभर टिकणारा प्रशिक्षक एवढ्यावर खूप काही होतं. अडचण अशी की फीत पन्नास मीटरच्या तलावाची कापली जाते आणि प्रशिक्षकाची नेमणूक राहून जाते.

वीरधवलही कोल्हापुरात थांबला नाही. तो बंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे गेला आणि सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये आपली हीट जिंकूनही एकूण क्रमवारीत तो बेचाळिसावा होता. २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळालं. १९८६ च्या सोलमध्ये खजानसिंगनं रौप्य आणलं होतं, त्यानंतर चोवीस वर्षांनी आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यातलं हे पदक. मग आपण काय केलं? त्याला तहसीलदार केलं.

इथं मी जरा रेंगाळणार आहे. सेनगावच्या तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला सांगा, की आतल्या खुर्चीतला साहेब देशातला सगळ्यात वेगवान पोहणारा आहे. तो हसेल. मालवणच्या लोकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं, कारण वीरधवल तिथं तहसीलदार होता. वाळू, पंचनामे, निवडणुका, टपालाच्या फायली, आणि याच वयात जगभरातले त्याच्या जोडीचे खेळाडू दिवसातून दोनदा पाण्यात. सरावात मोठा खंड पडला, २०१२ च्या लंडनला तो नव्हता. सरकारवर तुटून पडायला हे फारच सोयीचं आहे, आणि मलाही मोह होतो. पण दुसरी बाजूही आहे. पोहण्यात पैसा नाही. नोकरीमुळं घर चाललं, म्हणूनच तर तो सव्विसाव्या वर्षी जकार्तात उतरू शकला असेल. नोकरी देण्यात चूक नाही. खेळायचं वय असताना खुर्चीत बसवण्यात आहे.

खंड पडला म्हणून संपलं, असंही या शर्यतीत नसतं. सिडनीचा तो अर्विन बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पोहणं सोडून गेला, सुवर्णपदक विकून पैसे त्सुनामीग्रस्तांना दिले, काही वर्षांनी परतला आणि २०१६ ला रिओत पस्तिसाव्या वर्षी २१.४० मध्ये पुन्हा सुवर्ण जिंकला. दुसरा आलेल्या फ्रान्सच्या फ्लोराँ मानॉदूची वेळ २१.४१. शतांश त्याला पावला, असं म्हणायचं का? ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून मॅकएव्हॉयची गोष्ट तर याहून मजेची. रिओत तो १०० मीटरचा हुकमी दावेदार होता, अंतिम फेरीत सातवा आला. टोकियो ऑलिंपिकनंतर थांबला. भौतिकशास्त्र शिकलेला गडी, त्यानं सराव कागदावर मांडून मोडून टाकला. आठवड्याला तीसेक किलोमीटर पोहायचा, ते दोन-तीन किलोमीटरवर आणलं. बाकी वेळ वजनं, कसरती, कृत्रिम कडे चढणं. साडेएकवीस सेकंदांच्या कामासाठी तासन् तास संथ पोहायचं कशाला, एवढाच त्याचा सवाल. २०२४ ला पॅरिसमध्ये तिशीत २१.२५ ला सुवर्ण, २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत २१.१४ ला परत सुवर्ण.

आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी हा प्रयोग डोळे मिटून उचलू नये. मॅकएव्हॉयच्या अंगात आधीची दहा-पंधरा वर्षं मुरलेली होती. पण वजनं आणि कडे चढणं याला पंचवीस लाख लिटर पाणी लागत नाही, ही गोष्ट मराठवाड्यानं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. सकाळी २२.४३ आणि संध्याकाळी २२.४७ का? राष्ट्रीय स्पर्धेत आपला अव्वल खेळाडू सकाळची फेरी राखून पोहतो. तसा पोहला तरी तो अंतिम फेरीत जातोच, खरी ताकद संध्याकाळी काढतो. बाहेर गेला की सकाळीच सगळं द्यावं लागतं, नाहीतर पहिल्या आठांत नावच नाही. मग आठ-नऊ तासांनी तेच शरीर, तेच मन पुन्हा तेवढंच मागतं. जपानी-चिनी पोरांना हे घरच्याच स्पर्धांत अनेकदा करावं लागतं, कारण घरीच आठ जण तोडीस तोड असतात. वीरधवलला घरी सकाळी घाम फोडणारा कोण होता? स्वतःचाच जुना विक्रम. एकट्यानं पुढं असण्याचा हा तोटा विक्रमांच्या तक्त्यात दिसत नाही.

पुढं २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, पत्नी ऋजुतानं महिलांचं, आणि तिथंच त्यानं निवृत्ती जाहीर केली.

याच शर्यतीत एका मराठी माणसानं जग जिंकलेलं आहे, हे आपल्याला अलीकडे सिनेमामुळं कळलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. लष्करातले बॉक्सर, १९६५ च्या युद्धात सियालकोटला गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जिंकली, जागतिक विक्रमासह. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्याच महिन्याच्या शेवटी, त्याच जर्मनीत लार्सन-मॅकीचे दोन सहस्रांश जगभर गाजले. पेटकरांची पद्मश्री २०१८ ला आली, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ ला. पायाची मदत नसताना पन्नास मीटर खेचणाऱ्या या माणसाची दखल घ्यायला आपण जो वेळ लावला, तो मोजायला टचपॅड लागत नाही.

टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा, चहाची वेळ. वाहिन्या संध्याकाळची अंतिम फेरी दाखवतील, पण जमल्यास सकाळच्या हीट पाहा आणि आपल्या पोराची वेळ कागदावर टिपून ठेवा. संध्याकाळी तो कितवा आला हे सगळेच सांगतील. सकाळपेक्षा किती शतांश कमी-जास्त, हे तुम्हाला स्वतः पाहता येईल.