तेल खाणारे जिवाणू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमिनीत तेल मुरलं की ‘जिवाणू सोडा, ते खाऊन टाकतील’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला खरा आहे, पण अर्धाच.

गैरसमज : असे जिवाणू प्रयोगशाळेतच घडवावे लागतात.
वस्तुस्थिती : स्यूडोमोनास, रोडोकॉकस यांसारखे जिवाणू साध्या मातीतही असतात. तेलातला कार्बन हेच त्यांचं अन्न. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेला स्यूडोमोनास १९८०च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या पेटंट-निकालामुळे गाजला, पण प्रत्यक्ष तेलगळतीवर तो वापरला गेला नाही.

गैरसमज : जिवाणू टाकले की काम संपलं.
वस्तुस्थिती : खरं काम तिथूनच सुरू होतं. तेलात कार्बन भरपूर, पण जिवाणूंना वाढीसाठी लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नाहीतच; ते खतातून पुरवावे लागतात. १९८९ मध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून अलास्काच्या समुद्रात सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर खतं टाकून तिथल्याच जिवाणूंना बळ दिलं गेलं. आपल्याकडे ‘टेरी’ संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळून वापरतात. तेलकट माती जाड प्लास्टिकवर पसरायची, त्यात मिश्रण आणि खत कालवायचं, पाणी शिंपडून ओल टिकवायची, हवा खेळावी म्हणून माती ठरावीक काळाने नांगरायची आणि नमुने तपासत राहायचं.

गैरसमज : आठवड्याभरात सगळं तेल नाहीसं होतं.
वस्तुस्थिती : हलके घटक लवकर संपतात, डांबरासारखे जड घटक चिवट असतात. त्यामुळे कित्येक महिने लागतात. हवा पोचत नाही तिथे काम जवळपास थांबतं. अलास्काच्या किनाऱ्यावर दगडगोट्यांखाली २००१च्या पाहणीतही तेल सापडलं.

गैरसमज : गॅरेजमधलं जळकं ऑइल मागच्या जागेत ओतलं तरी माती ते पचवते.
वस्तुस्थिती : त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूही असतात. धातू हे मूलद्रव्य. कुठलाही जिवाणू त्याचं विघटन करू शकत नाही. ते मातीत साठतात आणि पाण्यात उतरण्याचा धोका राहतो. जळकं ऑइल डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यायला हवं.

जिवाणू चूक निस्तरायला मदत करतात, चूक करायची मुभा देत नाहीत. गळती रोखणं आणि सांडलेलं तेल आधी उपसून घेणं ही जबाबदारी माणसाचीच. उरलेल्यासाठी मातीला हवा, ओल, खत आणि पुरेसा वेळ द्यायचा.