टेम्पोत मावणारा वाडा

देवळ्याच्या कॉलेजातून एकांकिका घेऊन नाशिकला जायचं, तर नेपथ्याचं पहिलं माप पिकअपच्या हौद्याचं घ्यावं लागतं. फ्लॅट वर डोकावला, की भावडबारीच्या घाटातला वारा त्याचं शीड करून टाकतो. म्हणून आठ फुटी भिंत चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत, मधे बिजागरी.

फ्लॅट म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं कापड. मांजरपाट परवडत नसेल तर बारदान आहेच. उमराण्याच्या कांदा बाजाराचा हा तालुका, त्यामुळे पोती मिळतातच. बारदानावर सरस आणि खडूच्या पुडीचा हात फिरवून गेरू मारला आणि प्रकाश बाजूने सोडला, की त्याची खरबरीत वीण अस्सल मातीची भिंत वाटते. पण बारदान ओढ घेतं. कोपऱ्यांना प्लायच्या तिकोनी पट्ट्या ठोकल्या नाहीत, तर वाडा रंगमंचावर पोचेपर्यंत तिरपा होतो. भाड्याच्या नाट्यगृहात खिळा ठोकू देत नाहीत. मग पाठीमागे लाकडी टेकू आणि त्यावर वाळूची पिशवी.

स्पर्धेत सेट लावायला मोजकीच मिनिटं मिळतात. त्यामुळे तालीम त्याचीही करायची. कोणता फ्लॅट कोण उचलणार, हे पाठीवर खडूने लिहिलेलं असतं आणि अंधारात लेव्हलची, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याची, कड दिसावी म्हणून रेडियमच्या टिकल्या.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन, अभिनयावर; झगमगाटाला तिथे भाव नाही. तालुक्याच्या संघांना हे सोयीचंच. मात्र दोन ठोकळे मांडून त्याला ‘प्रतीकात्मक’ म्हणायची पळवाटही त्यातूनच निघते. कमी सामान म्हणजे कमी विचार नव्हे. 1972च्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात जब्बार पटेलांनी ओळीने उभ्या नटांचीच भिंत केली. ती पाठ फिरवून मागचं झाकते, वाकते, नाचते आणि गोष्टीत सामीलही होते. सुताराचा खर्च शून्य, तालमीचा मात्र अफाट.

प्रयोग संपताच विंगेत पुढचा संघ ताटकळत असतो. स्क्रू, बिजागऱ्या पिशवीत मोजून भरायच्या, कारण वाड्याचा तोच फ्लॅट पुढच्या वर्षी रंग बदलून पोलीस ठाणं होणार असतो. अर्थात हे फार वर्षं चालत नाही. रंगाचे थर चढत गेले, की बारदान ताठरतं आणि घडीवर तडकतं.