कृश देहातील स्थूलता

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांचे प्रश्न म्हटले की डोंगर, भातखाचरे आणि पोटासाठी धरलेली पुण्या-मुंबईची वाट हेच विषय पुढे येतात. अशा भागात स्थूलतेची चर्चा पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. परंतु स्थूलता हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आता टिकणारी नाही.

चरबी ही केवळ शिल्लक इंधनाची कोठी नव्हे. तिच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की तेथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, हे २००३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. जंतूंशी लढणाऱ्या या पेशींचा स्वतःचा जमाखर्चही तेथे बदलतो. साखर झटपट जाळण्याकडे त्यांचा कल वाढतो. शत्रू नसताना चाललेल्या या लढाईत त्या जी द्रव्ये सोडतात, ती इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. मग रक्तात इन्सुलिन असूनही स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत, आणि मधुमेहाची वाट मोकळी होते.

याचा खेड्याशी संबंध काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. ही खेडी भोर-वेल्ह्यातील नव्हती हे खरे. पण अपुरे पोषण आणि पाठोपाठ येणारे बैठे जीवन तालुक्याची सीमा पाहून थांबत नाही. डोंगरातला तरुण शहरात जाऊन बैठे काम व विकतचे खाणे पत्करतो, तेव्हा वजनकाटा निर्धास्त असतानाही पोटाचा घेर वाढत असतो.

म्हणूनच निव्वळ वजनावर विसंबून चालणार नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा स्वयंसेविका जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेच्या घेराची नोंद आहे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलेला घेर हा सावधगिरीचा इशारा होय. ही नोंद केवळ कागद भरण्यासाठी होऊ नये. आणि खरा उपाय तर त्याही आधीचा आहे. ज्या घरात सून सर्वांच्या शेवटी जेवते, तेथे पुढच्या पिढीच्या मधुमेहाचा हिशेब आजच मांडला जात असतो.