७० आणि ७० मिळून ४९

गाडीच्या काचांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘नियम ७० टक्क्यांचा आहे ना? मग मी ७०चीच फिल्म लावली.’ दुकानदार छातीठोकपणे सांगतो, मालक मान डोलावतो, आणि पोलिसाने काचेला मीटर लावला की दोघांनाही मीटरच बिघडलेला वाटतो. गुणाकार मात्र कोणीच केलेला नसतो.

आधी नियम पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून दृश्य प्रकाशाचा किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के भाग आरपार गेला पाहिजे. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी काच स्वच्छ. ‘७० टक्के काळी’ असा अर्थ लावणाऱ्यांनी इथेच थांबावं. आणि ही अट काच अधिक फिल्म अशा सगळ्या थरांना मिळून आहे.

मूळ काच काही सगळा प्रकाश सोडत नाही. साध्या रंगहीन काचेच्याही दोन पृष्ठभागांवरून प्रत्येकी सुमारे ४ टक्के प्रकाश परततो; गाडीच्या काचेला हिरवट छटा असेल तर आणखी थोडा जातो. समजा, काचेतून ७५ टक्के प्रकाश आला. ७०ची फिल्म त्या ७५चे ७० टक्के पुढे सोडणार, म्हणजे ५२.५. पुढच्या काचेवर नापास, बाजूला काठावर पास. ५०ची फिल्म असेल तर ३७.५, म्हणजे बाजूलाही नापास. (थरांमधल्या परावर्तनामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा सरकतो, म्हणून शेवटचा शब्द मीटरचाच.)

‘काचेने २५ खाल्ले, फिल्मने ३०, उरले ४५’ अशी वजाबाकी करणारेही भेटतात. त्यांनी तशाच आणखी दोन फिल्म चढवून पाहाव्यात. उत्तर येईल उणे १५. उणे पंधरा टक्के प्रकाश गाडीत कसा दिसतो, तेही त्यांनीच सांगावं. खरं उत्तर आहे सुमारे २६.

प्रत्येक सारखा थर त्याच्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा घेतो. पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १७२९मध्येच मांडलं होतं. लॅम्बर्टने १७६०मध्ये त्याला गणिती रूप दिलं, बीअरने १८५२मध्ये ते द्रावणांच्या संहतीशी जोडलं आणि नियमाला नाव पडलं बीअर-लॅम्बर्ट. बिचारा बुगे बहुतेक वेळा गळतोच.

‘पण कोर्टाने फिल्मवर बंदीच घातली ना?’ सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये अविषेक गोएंका खटल्यात कोणत्याही टक्केवारीची फिल्म लावायला मनाई केली, हे खरं. पुढे नियमातच दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१पासून काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४मध्ये फिल्मला मुभा दिली. अट मात्र तीच, ७० आणि ५०ची. तेव्हा ‘आता सगळं चालतं’ हेही खोटं.

‘काळ्या काचेची रात्री डोळ्यांना सवय होते.’ होते, पण गेलेला प्रकाश परत येत नाही. दिवसा निम्मा प्रकाश गेला तरी भरपूर उरतो. दिवे नसलेल्या घाटात काळ्या कपड्यातल्या पादचाऱ्याकडून येणारा प्रकाश मुळातच चिमूटभर असतो.

‘जितकी काळी, तितकी गाडी थंड.’ सूर्याच्या उष्णतेतला साधारण निम्मा वाटा अदृश्य अवरक्त किरणांचा असतो. त्याबद्दल काळेपणा काहीच सांगत नाही.

‘काच बंद असली की अतिनील किरण येत नाहीत.’ २०१६मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त २९ गाड्यांची मोजणी प्रसिद्ध झाली: पुढच्या काचेने सरासरी ९६ टक्के यूव्ही-ए (अतिनील किरणांचाच एक पट्टा) अडवले, बाजूच्या काचेने ७१. काही बाजूच्या काचांनी तर जेमतेम ४४.

आणि ग्रहण आलं की ‘दोन गॉगल एकावर एक घाला’. १५ टक्के प्रकाश सोडणारे दोन गॉगल मिळून २.२५ टक्के सोडतात. सूर्याकडे पाहण्याच्या चष्म्यांसाठी आयएसओ १२३१२-२ या मानकाची कमाल मर्यादा ०.००३२ टक्के आहे, म्हणजे सातशे पट कमी. सहा गॉगल चढवले तर दृश्य प्रकाश या मर्यादेत येईलही, पण अवरक्त किरणांची हमी त्यांतला एकही देत नाही. प्रमाणित चष्मा विकत घ्या.