डब्यातला टोड खात का नाही? आधी भीती घालवा, मग किडा द्या

कोल्हापुरात पाऊस सुरू झाला की अंगणात, न्हाणीजवळ आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली खरखरीत अंगाचे टोड दिसू लागतात. मुलं हौसेनं एखादा पकडून बरणीत ठेवतात. मग त्याच्यापुढे भाताची शितं, चपातीचा तुकडा, मेलेली माशी असं काहीबाही टाकलं जातं. टोड मात्र कशालाच तोंड लावत नाही आणि काही दिवसांत मलूल होतो. असं का होतं?

टोड म्हणजे कोण?

हा बेडकाचाच भाऊबंद. मराठीत त्याला भेक असंही म्हणतात. कातडी कोरडी, अंगावर गाठी आणि उड्या आखूड. त्याला हात लावल्यानं चामखीळ येत नाही, ती विषाणूमुळे येते. पण त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून विषारी स्राव येतो. त्यामुळे हाताळल्यावर साबणानं हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. कुत्र्या-मांजरांनाही लांब ठेवा.

समोर अन्न असून खात का नाही?

हलणारी वस्तू हेच टोडसाठी भक्ष्य. जर्मन शास्त्रज्ञ योर्ग-पीटर एवर्ट यांनी टोडसमोर पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून पाहिल्या. पट्टी अळीसारखी आडवी सरकली की टोड झेपावायचा. तीच पट्टी उभी धरून सरकवली की दुर्लक्ष करायचा. म्हणजे निपचित पडलेलं शीत त्याच्या लेखी अन्नच नाही.

दुसरं कारण ताण. उजेड, गोंगाट आणि सतत उचलणं यामुळे त्याच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. ते दीर्घकाळ वाढलेलं राहिलं की भूक मंदावते, रोगप्रतिकारशक्तीही घटते. अंग फुगवणं, उचलताच लघवी करणं, काचेवर सारखं नाक आपटणं ही घाबरल्याची लक्षणं आहेत.

काही दिवस सांभाळावाच लागला तर?

टोड जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. मदत मिळेपर्यंत एवढं करा :

• हवा खेळेल अशा पसरट खोक्यात ओलसर माती घाला. लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवा. खोकं सावलीत, शांत कोपऱ्यात असू द्या.

• टोड तोंडानं पाणी पीत नाही, पोटाकडच्या कातडीतून शोषतो. म्हणून उथळ ताटलीत पाणी ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला बाधतं, त्यामुळे ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरा.

• पहिला दिवस हात लावू नका. टोड निशाचर आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर जिवंत नाकतोडा, रातकिडा किंवा गांडूळ सोडा. किडा टोडच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कीटकनाशक मारलेल्या जागेतले किडे अजिबात नकोत.

• मोठ्या टोडला आठवड्यातून दोन-तीनदा खाऊ घातलं तरी पुरतं. उरलेले किडे काढून टाका. गिळताना त्याचे डोळे आत ओढले जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सोडायचा कुठे?

जिथे सापडला तिथेच, संध्याकाळी. सहलीला गेल्यावर सापडलेला टोड घरी आणणं किंवा इथला तिकडे सोडणं धोक्याचं आहे. जगभर बेडकांच्या अनेक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी अशा हलवाहलवीतूनही पसरते.

आपल्या शेजारच्या डोंगरांत गमावण्यासारखं बरंच आहे. कोयना टोडची शास्त्रीय नोंद १९६३ मध्ये झाली, तर अंबोली टोडची २००९ मध्ये. अंबोली टोड त्या परिसरापुरताच उरला असून तो अतिसंकटग्रस्त मानला जातो.

अंगणातला टोड धडधाकट असेल, तर त्याला पकडूच नका. रात्री दिव्याखाली बसून तो आपलं पोट आपणच भरतो आणि तुमच्या दारातले किडेही कमी करतो. मुलांना तो तिथेच, चार हात लांबून दाखवा.